खंडाळ्याच्या घाटातून परभणीच्या रुळांवर

परभणी जंक्शनवर मालगाडी थांबली की पाहणाऱ्याची नजर आधी इंजिनाच्या छपरावर जाते. तारेला टेकलेला पेंटोग्राफ, त्याखालचे चिनी मातीचे इन्सुलेटर, तिथली किंचित चरचर. खरा कारभार मात्र खाली चालतो. दोन बोगींच्या मध्ये, रुळांपासून थोड्या उंचीवर, तेलाने भरलेली एक पोलादी टाकी टांगलेली असते. डब्ल्यूएजी-९ जातीच्या इंजिनाचा हा ट्रान्सफॉर्मर. त्यात तारेकडून २५,००० व्होल्टचे एक वाइंडिंग येते आणि बाहेर पडतात सहा. चार वाइंडिंगे मोटरांच्या कामाची, प्रत्येकी १,२६९ व्होल्टची. एक १,००० व्होल्टचे, पंखे, पंप आणि कॉम्प्रेसर चालवणारे. सहावे १,१५४ व्होल्टचे असते. त्यावर एकही मोटर चालत नाही, एकही दिवा लागत नाही. तारेतली घाण शोषून घेणे एवढेच त्याचे काम.

इंजिनाला मोटरा सहा असतात आणि सहाही एकाच वेळी ओढतात. मग त्यांना वीज देण्यासाठी एक जाडजूड वाइंडिंग पुरले नसते का? तांबे कमी लागले असते, जागा वाचली असती, टाकी लहान झाली असती. चार वेगळी वाइंडिंगे का, याचे उत्तर मिळायला जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्यातला एक भाग आपल्या सह्याद्रीत घडला, आणि परभणीला ते उत्तर अगदी तयार होऊन आले.

परभणीचा रूळ निजामाच्या राजवटीतला. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली. मीटरगेजची ही गाडी सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा करत गोदावरीच्या खोऱ्यातून जाई. कापूस, ज्वारी, माणसे, गुरे, सगळे तिच्यावरून गेले. पूर्णेला वाफेच्या इंजिनांचे शेड होते, आणि ते गाव कित्येक दशके त्या शेडच्या भोंग्यावर उठले-बसले. १९५१ मध्ये हा मार्ग मध्य रेल्वेत आला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले आणि वाफ जाऊन डिझेल आले. विजेची तार मात्र आली ती अगदी अलीकडच्या वर्षांत.

मुंबईत ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजीच आली होती. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. तारेत वीज होती १,५०० व्होल्टची, डीसी. त्या काळी मोठे वजन ओढायचे, थांबायचे, पुन्हा हळूहळू वेग घ्यायचा, तर डीसी सिरीज मोटरला पर्याय नव्हता. उभ्या मोटरला पहिला हिसका द्यायची ताकद तिच्यात अफाट असते.

रेल्वेचा डोळा लोकलइतकाच घाटावर होता. थळ आणि भोर या दोन्ही घाटांत चढ ३७ ला १. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचे चोळा वीजगृह उभारले. नोव्हेंबर १९२९ मध्ये विजेची गाडी पुण्यापर्यंत पोचली, १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत. भोर घाटात खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, तोंड फिरवून पुढे न्यावी लागे. तोंड फिरवण्याचे ते स्थानकही १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे सुटले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन याच तारांखालून धावली. मालगाड्यांसाठी स्विस बनावटीची, मधून दुमडणारी लांबलचक इंजिने आली. कामगारांनी त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’. घाट उतरताना या खेकड्यांच्या मोटरा जनित्र होऊन वीज तारेत परत ढकलत. खाली येणाऱ्या गाडीने वर चढणाऱ्या गाडीला हात द्यावा, ही किमया १९२० च्या दशकातली आहे, हे आज पुष्कळांना खरे वाटत नाही.

आता अडचण पाहा. वीजगृहातून येणारी वीज एसी, तीन फेजची. गाडीला हवी डीसी. या दोहोंच्या मध्ये उपकेंद्रात रोटरी कन्व्हर्टर नावाचे एक फिरते यंत्र असे. एका बाजूने एसी घ्यायची, चक्राकार फिरत दुसऱ्या बाजूच्या कम्युटेटरवरून डीसी द्यायची. यंत्र प्रचंड वजनाचे, त्याच्या ब्रशांची सतत देखभाल, चोवीस तास माणूस उभा. पण एक गुण असा की पुढच्यांनी त्याची आठवण काढावी. फिरणारे यंत्र वीज घेताना ती जवळपास मूळच्या गोल लहरीतच घेते. मोठ्या रोटरीला तीनऐवजी सहा फेज दिल्या की तापमान कमी राहते, म्हणून ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू दोन तुकड्यांत विभागत. वाइंडिंग फोडून काम सोपे करायची ही युक्ती तेव्हापासूनची. तेव्हा कारण मात्र वेगळे होते.

रोटरीच्या जागी पारा आला. अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट याने १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज एकाच दिशेने जाऊ देणारे रेक्टिफायर केले होते. लहान क्षमतेचे असले तर ते काचेच्या फुग्यात बसे, फुग्याला सोंडेसारखे हात, आणि आत पाऱ्याच्या डबक्यावर निळसर जांभळी ठिणगी नाचत असे. रेल्वेच्या कामाला पोलादी टाक्या लागत. फिरणारा भाग एकही नाही, झीज नाही, कार्यक्षमता अधिक. देशोदेशीच्या रेल्वेला हे यंत्र न आवडते तरच नवल.

किंमत दुसरीकडे मोजावी लागली. रेक्टिफायर वीज सलग घेत नाही. तीन फेजमधल्या ज्या फेजचा व्होल्टेज त्या क्षणी सर्वांत वर असेल तिच्यातून तो लचका तोडतो, मग दुसरीतून, मग तिसरीतून. प्रत्येकीतून दोन्ही दिशांनी, म्हणजे एका चक्रात सहा लचके. गोल लहर जाते आणि तिच्या जागी कंगोऱ्यांचा, पायऱ्यांचा प्रवाह येतो. गणिताने पाहिले तर हा कंगोऱ्यांचा प्रवाह म्हणजे ५० हर्ट्झची मूळ लहर अधिक तिच्या पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट वेगाच्या लहरींची भेसळ. यांनाच हार्मोनिक म्हणतात. सहा लचक्यांच्या रेक्टिफायरमध्ये पाचवी लहर मूळच्या एक पंचमांश, म्हणजे २० टक्के असते. सातवी १४ टक्के, अकरावी ९ टक्के, तेरावी जेमतेम ८. २५० आणि ३५० हर्ट्झच्या या लहरी ट्रान्सफॉर्मरचे लोखंड तापवतात, दुसऱ्यांच्या मोटरांना उलट ओढ देतात, कपॅसिटर फुगवतात. डीसी बाजूलाही ३०० आणि ६०० हर्ट्झची गुणगुण राहते, आणि रुळांच्या कडेने खांबांवरून गेलेल्या टेलिफोनच्या तारांत ती ऐकू येते. त्या काळी तक्रार आधी टेलिफोनवाल्यांनी केली. घाण केली एकाने, त्रास झाला तिसऱ्याला. या विषयाचा इतिहास मी वाचतो तो या एका वाक्यासाठी.

उपाय सापडला तो ट्रान्सफॉर्मरमध्येच. मोटेवर पाणी काढलेल्या माणसाला तो लगेच कळावा. एकाच विहिरीवर दोन मोटा असतील आणि दोन्ही बैलजोड्या एकदमच धावेवरून उतरल्या, तर थारोळ्यात एकदम लोंढा येतो, पाट तुडुंब भरतो आणि मग कोरडा पडतो. एक मोट वर येत असताना दुसरी खाली गेली, तर पाट सलग वाहतो. इंजिनिअरांनी हेच केले. ट्रान्सफॉर्मरला दुय्यम वाइंडिंगे दोन दिली: एक स्टार जोडणीचे, एक डेल्टा जोडणीचे. या दोन जोडण्यांमध्ये मुळातच ३० अंशांचा फरक पडतो. प्रत्येकावर सहा लचक्यांचा रेक्टिफायर बसवला. आता एका चक्रात लचके बारा, आणि तेही एकाआड एक.

पुढे जे घडते ते फार सुंदर आहे. मूळ लहर ३० अंश मागे सरकली की पाचवी लहर त्याच्या पाचपट, म्हणजे १५० अंश मागे जाते. पाचवीचा फेजक्रम उलटा असतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून तारेकडे परत येताना तिच्यात आणखी ३० अंशांची भर पडते. बेरीज १८०. म्हणजे स्टारकडून येणारी पाचवी लहर जेव्हा डोके वर काढते, नेमकी तेव्हा डेल्टाकडून येणारी तेवढीच खाली जाते, आणि प्राथमिक वाइंडिंगमध्ये दोघींचा निकाल लागतो. सातवीचा हिशेब २१० वजा ३०, म्हणजे तेच १८०. बाहेर तारेवर दिसते ती फक्त अकरावी, तेरावी आणि पुढच्या. तीन वाइंडिंगे २० अंशांच्या फरकाने दिली तर १८ लचके होतात आणि पहिली उरते ती सतरावी. चार वाइंडिंगे १५ अंशांनी दिली तर २४. ना फिल्टर, ना हलणारा भाग, ना कोणाची राखण. तांब्याची तार कशी गुंडाळायची एवढ्यानेच काम होते. पारा जाऊन सिलिकॉनचे डायोड आले तरी ही जोडणी टिकली. डीसीवर चालणाऱ्या मेट्रोंच्या उपकेंद्रांत आजही बारा लचक्यांचे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर बसतात.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेने मोठा निर्णय घेतला. १,५०० व्होल्ट डीसीला जाड तारा लागत आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्र. हजारो किलोमीटरच्या देशाला ते परवडणारे नव्हते. फ्रान्सने युद्धानंतर २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्झ, एक फेज अशी पद्धत सिद्ध करून दाखवली होती. भारताने १९५७ मध्ये ती स्वीकारली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये आजच्या झारखंडात, खनिजाच्या मुलखात, केंदपोसी ते राजखरसावां या टापूत तिच्यावर पहिली गाडी धावली. मुंबईकडचा डीसी आणि भुसावळकडचा एसी यांची गाठ इगतपुरीला पडू लागली. तिथे इंजिन बदलायचे. पुष्कळ मराठी प्रवाशांना इगतपुरीचा बटाटेवडा आठवतो, तो बहुधा या इंजिनबदलाच्या थांब्याचा.

एसी तारेखाली धावणाऱ्या इंजिनात मोटर मात्र तीच डीसी. म्हणजे उपकेंद्रातला रेक्टिफायर आता इंजिनाच्या पोटात आला: आधी इग्निट्रॉन नावाचा पाऱ्याचा, नंतर सिलिकॉनचा. आणि इथे जुनी युक्ती हरली. स्टार आणि डेल्टा करायला तीन फेज लागतात. इंजिनाला तारेवरून मिळते एकच. एकाच फेजमधून ३० अंशांचा फरक कुठून आणणार? त्यात भर म्हणजे एक फेजच्या रेक्टिफायरला पाचवीच्याही आधी तिसरी लहर असते, १५० हर्ट्झची, चांगली जाडजूड. रेल्वेने मार्ग काढले, पण ते सगळे बाहेरचे. रुळांच्या कडेच्या टेलिफोनच्या उघड्या तारा काढून जमिनीखाली केबल टाकल्या. तारेवर जागोजागी बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवले, म्हणजे परतीचा प्रवाह जमिनीतून न भटकता ठरल्या वाहकातून यावा. उपकेंद्रांत कपॅसिटर आले. घाण होते तिथेच राहिली, शेजाऱ्यांना दूर सरकवले. त्या काळाच्या साधनांत याहून अधिक होण्यासारखे नव्हते, हे खरेच. वॅम-४ आणि वॅग-५ या इंजिनांनी देश ओढला, त्यांचा मान कमी होत नाही.

गाडी चालवायला सर्वांत साधी, सर्वांत चिवट मोटर कोणती हे इंजिनिअरांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होते. तीन फेजची इंडक्शन मोटर. तिला ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, धुळीची पर्वा नाही. परभणीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर जी बसते तिचीच थोरली बहीण. फक्त तिचा वेग बदलायचा तर विजेची वारंवारिता बदलावी लागते, आणि हजारो अश्वशक्तीच्या पातळीवर ते करणारा स्विचच नव्हता. तो स्विच, जीटीओ थायरिस्टर, १९८० च्या दशकात रेल्वेच्या कामाचा झाला.

जुलै १९९३ मध्ये भारतीय रेल्वेने एबीबी या कंपनीशी ३३ इंजिनांचा आणि त्याबरोबर तंत्रज्ञान देण्याचा करार केला. प्रवासी गाड्यांची डब्ल्यूएपी-५ आणि मालगाड्यांची डब्ल्यूएजी-९, अशा दोन जाती. डब्ल्यूएपी-५ ची वंशावळ स्वित्झर्लंडच्या आरई ४६० या इंजिनाकडे जाते. खेकड्यांचे मूळ गावही तेच. चित्तरंजनच्या कारखान्याने स्वतः बांधलेली पहिली डब्ल्यूएजी-९ नोव्हेंबर १९९८ मध्ये बाहेर पडली. तिचे नाव ‘नवयुग’. ताकद ६,००० अश्वशक्तीच्या वर, वजन १२३ टन. पुढे झाशीच्या भेलसह अनेक कारखान्यांत तिचे ट्रान्सफॉर्मर बनू लागले.

टाकीतली चार वाइंडिंगे आता समजून घेता येतील. या इंजिनात डायोड नाहीत. प्रत्येक बोगीला एक मोठा कन्व्हर्टर, आणि त्याच्या तारेकडच्या तोंडाला स्विचांचे दोन स्वतंत्र पूल, म्हणजे ब्रिज. दोन बोगी मिळून पूल चार, म्हणून वाइंडिंगेही चार. प्रत्येक पुलातले स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडतात-मिटतात आणि २,८०० व्होल्टचा डीसी साठा भरतात. तिथून पुढे तीन फेजची, हव्या त्या वारंवारितेची वीज तयार होऊन मोटरांकडे जाते. उघडझाकीमुळे प्रत्येक पुलाच्या प्रवाहात बारीक कंगोरे येतातच. पण संगणक चारही पुलांना एकाच ठेक्यावर चालू देत नाही. पहिल्याच्या उघडझाकीनंतर ठरलेल्या अंतराने दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चारी वाइंडिंगांतले कंगोरे वेगवेगळ्या क्षणी येतात आणि २५,००० व्होल्टच्या वाइंडिंगमध्ये एकमेकांना खोडून टाकतात. तीन फेज नसल्यामुळे जो कोन मिळत नव्हता, तो स्विचांनी वेळेतून मिळवला.

यात ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्याची जी कसोटी लागते तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. चारही वाइंडिंगे एकाच लोखंडी गाभ्यावर, एकाच तेलात आहेत. ती एकमेकांना फार जवळून ‘ऐकू’ लागली, तर एका पुलाची उघडझाक दुसऱ्याच्या प्रवाहात शिरते आणि दोन शेजारी पुलांमध्येच प्रवाह फिरू लागतो. म्हणून प्रत्येक दुय्यम वाइंडिंग प्राथमिकच्या आपापल्या भागासमोर बसवतात, आणि दोन दुय्यमांमध्ये दुरावा ठेवतात. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जी गळती इंजिनिअर कमीत कमी ठेवायला धडपडतो, ती इथे मुद्दाम, मोजून ठेवलेली असते. ती गळतीच प्रत्येक पुलाला लागणाऱ्या रिॲक्टरचे काम करते. त्यामुळे वेगळी जड चोक कॉइल वाहून न्यावी लागत नाही. गळतीचा आकडा चुकला की इंजिन चालते, पण घाण वाढते. हे कौशल्य तांब्याच्या पट्ट्या आणि दाबलेला कागद हाताळणाऱ्या कारागिराच्या हातात आहे. संगणकाला त्याची भरपाई करता येत नाही.

एखादा पूल बिघडून एक बोगी बंद ठेवावी लागली, की चौघांचा मेळ तुटतो आणि खोडाखोड अर्धवट होते. त्या वेळी सहावे, मोटर नसलेले वाइंडिंग कामाला येते. त्यावर कपॅसिटर आणि रेझिस्टरचा फिल्टर असतो. एरवीही उरलेसुरले वरच्या वारंवारितेचे कंगोरे तो गिळत असतोच. रेल्वेला याची काळजी का, तर रुळांमधूनच सिग्नलची वीज वाहते. गाडी कुठे आहे हे ओळखणारे ऑडिओ फ्रिक्वेन्सी ट्रॅक सर्किट १,७०० ते २,६०० हर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. इंजिनाचा प्रवाह त्याच रुळांतून परत जातो. त्यात त्या पट्ट्यातली लहर मोठी असली, तर सिग्नल फसू शकतो. टेलिफोनची गुणगुण सहन करता येते. सिग्नलचा घोळ सहन करण्याची गोष्ट नाही.

हार्मोनिक कानांनीही कळतात. जीटीओचे इंजिन उभ्या स्थितीतून निघते तेव्हा खालून एक स्वर उठतो, चढतो, अचानक खाली उतरतो, पुन्हा चढतो. स्विचांच्या उघडझाकीचा ठेका वेग वाढेल तसा बदलतो, त्याचा हा आवाज. नंतर आयजीबीटी नावाचे अधिक चपळ स्विच आले आणि तो स्वर बदलला. परभणीच्या फलाटावरची पोरे डोळे मिटून सांगतात, कोणते इंजिन सुटले ते.

रेल्वेबाहेर, कारखान्यांत, याच काळात दुसरी वाट निघाली. पंप, पंखे, कोल्हू, रोलिंग मिल यांच्या हजारो अश्वशक्तीच्या मोटरांना वेग बदलणारे ड्राइव्ह बसू लागले, आणि त्यांचे सहा लचके गावच्या वीजवाहिनीवर उतरू लागले. देशातल्या ५०० मेगावॅटच्या अनेक औष्णिक संचांत धूर ओढणाऱ्या पंख्यांच्या मोटरांमध्येच भेलने ३० अंशांच्या फरकाची दोन वाइंडिंगे वापरली. अमेरिकेत रोबिकॉन कंपनीच्या पीटर हॅमंड यांनी याहून पुढची मजल मारली. त्यांचे पेटंट १९९७ चे. त्यांनी एका मोठ्या कन्व्हर्टरऐवजी लहान लहान सेलची साखळी केली. ४,१६० व्होल्टची मोटर असेल तर प्रत्येक फेजला ४८० व्होल्टचे पाच सेल, एकूण पंधरा. ट्रान्सफॉर्मरला दुय्यम वाइंडिंगेही पंधरा, आणि ती १२-१२ अंशांच्या फरकाने पाच गटांत तिरकी जोडलेली. तारेकडून पाहिले तर एका चक्रात लचके तीस. पहिली उरणारी लहर एकोणतिसावी, तीही नगण्य. मोटरकडची लहरही पायऱ्यापायऱ्यांनी जवळजवळ गोल होते, त्यामुळे जुनी मोटर न बदलता ड्राइव्ह लावता येतो. या ड्राइव्हचे नाव होते ‘परफेक्ट हार्मनी’. नाव व्यापारी असले तरी कामाला शोभणारे.

हार्मोनिकवरची मर्यादा नियमात आली ती उशिरा. अमेरिकेतल्या आयईईई संस्थेचे ५१९ क्रमांकाचे मानक १९८१ चे, मोठी सुधारणा १९९२ ची. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००७ मध्ये जोडणीचे तांत्रिक निकष ठरवले: व्होल्टेजमध्ये हार्मोनिकची एकूण भेसळ ५ टक्क्यांच्या आत, कोणतीही एक लहर ३ टक्क्यांच्या आत, आणि पारेषण जाळ्यातून घेतलेल्या प्रवाहात भेसळ ८ टक्क्यांच्या आत. हा नियम मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने बोट प्रथमच घाण करणाऱ्याकडे वळवले. तोवर शेजाऱ्याने केबल जमिनीखाली टाकायची, हाच न्याय होता.

मुंबईने याच सुमारास आपली जुनी डीसी उतरवली. इगतपुरीकडचा भाग २००६ मध्ये, पश्चिम रेल्वे फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेची मुख्य वाहिनी छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत जून २०१५ मध्ये, आणि शेवटी एप्रिल २०१६ मध्ये हार्बर. १९२५ मध्ये जिथे सुरुवात झाली त्याच मार्गावर १,५०० व्होल्टचा शेवट झाला. चित्तरंजननेही त्याच वर्षाच्या आसपास डीसी मोटरची इंजिने बांधणे थांबवले.

परभणीचे वैशिष्ट्य इथे दिसते. रोटरी कन्व्हर्टर, पारा, इग्निट्रॉन, बारा लचक्यांचे डीसी उपकेंद्र, यातले काहीही या जिल्ह्याच्या रुळांनी पाहिले नाही. पूर्णेच्या शेडमधली वाफ, मग डिझेलचा धूर, आणि तार आली ती तेव्हा जेव्हा चार वाइंडिंगांचे इंजिन देशात सर्वत्र रूढ झाले होते. जुन्या डीसी मोटरची इंजिने अजून अधूनमधून दिसतात, पण राज्य तीन फेजचे आहे. मराठवाड्याला सगळे उशिरा मिळते, ही तक्रार खरी आहे आणि मी ती करतो. नव्वदहून अधिक वर्षे मुंबई-पुण्याच्या मागे राहणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. फक्त या एका बाबतीत, उशिरा आलेली वस्तू आपल्या पदरात सुधारून पडली.

जिल्ह्यातल्या दुसऱ्या मोठ्या मोटरांबद्दल तसे म्हणता येत नाही. गोदावरीवर सोनपेठ तालुक्यात खडका बंधारा आहे; शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राला तिथून पाणी पंपाने जाते.   गंगाखेड, पाथरी भागात साखर कारखाने आहेत. राज्यभर साखर कारखान्यांत उसाच्या कोल्हूला पूर्वी वाफेचे टर्बाइन लावत. ती जाऊन डीसी ड्राइव्ह आले, मग वेग बदलणारे एसी ड्राइव्ह. मोठा ड्राइव्ह असेल तर त्याला बारा किंवा अठरा लचक्यांचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, ही गोष्ट चांगला सल्लागार सांगतोच. अडते ते मधल्या आकाराच्या ड्राइव्हपाशी. शंभर-दोनशे अश्वशक्तीचे, सहा लचक्यांचे, स्वस्तातले असे दहा-वीस ड्राइव्ह एका फीडरवर जमले की पाचवी लहर पुन्हा तशीच उभी राहते, जशी १९३० मध्ये राहत होती. त्या फीडरवरच्या शेतकऱ्याचा कपॅसिटर फुटतो, रोहित्र तापते, आणि दोष जातो शेतकऱ्याच्या आकड्याला किंवा वायरमनला. इथे उपाय महाग नाही. एकाच कारखान्यातले निम्मे ड्राइव्ह स्टार-डेल्टा ट्रान्सफॉर्मरवर आणि निम्मे डेल्टा-डेल्टावर ठेवले, तरी पाचवी आणि सातवी पुष्कळशी आपसात मिटतात. कारखान्याच्या आवारात ट्रान्सफॉर्मर बहुधा दोन असतातच. खरेदीच्या वेळी जोडणी कोणती मागायची एवढे ठाऊक हवे. जोडणीच्या ठिकाणी हार्मोनिक मोजणारा मीटर गळीत हंगामात आठवडाभर लावून ठेवला आणि त्याचा कागद फीडरवरच्या गावांना दिला, तर कोण काय करतो आहे हे सगळ्यांना कळेल.

रुळांवरचा भार तर वाढणारच आहे. परभणीपासून मुदखेडकडे दुहेरी मार्ग झालेला आहे. मनमाडकडचा मात्र अजून एकेरीच, आणि क्रॉसिंगसाठी गाड्या पेडगाव, मानवत रोड अशा स्थानकांवर ताटकळतात. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. त्याच दिवशी मंजूर झालेल्या चार प्रकल्पांत झारखंड-ओडिशातली दांगोआपोसी ते जारोली ही तिसरी-चौथी मार्गिकाही आहे, म्हणजे १९५९ च्या त्या पहिल्या २५,००० व्होल्टच्या टापूच्या पुढचाच रूळ. दुहेरीकरण झाले की परभणीच्या पट्ट्यातल्या उपकेंद्रांवर एकाच वेळी अधिक इंजिने ओढू लागतील, आणि ती प्रत्येक उपकेंद्रात राज्याच्या जाळ्याच्या तीनपैकी दोनच फेजवर असतील. शेजारशेजारची उपकेंद्रे वेगवेगळ्या जोडीवर ठेवून रेल्वे तो तोल सांभाळते. दोन पुरवठ्यांच्या मधल्या वीज नसलेल्या तुकड्यावर, म्हणजे न्यूट्रल सेक्शनवर, चालक पाचशे आणि अडीचशे मीटरच्या पाट्या पाहून सर्किट ब्रेकर उघडतो आणि गाडी तेवढा तुकडा आपल्या वेगानेच पार करते.